बिलिंगचं ॲप जुन्या फोनवर, बँकेचं नव्यावर: दोन्ही एका फोनवर का येत नाहीत

प्रश्न असा आला आहे. लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. वडिलांचा फोन २०१८ साली घेतलेला, अँड्रॉइड ९ वर येऊन थांबलेला. त्यावर बिलिंगचं एक जुनं ॲप आणि ब्लूटूथचा छोटा प्रिंटर आजही बिनतक्रार चालतात, पण बँकेच्या ॲपने 'हे डिव्हाइस सपोर्ट करत नाही' म्हणून हात वर केले. म्हणून अँड्रॉइड १५ चा नवा फोन आणला, तर त्यावर बिलिंगचं ॲप इन्स्टॉलच होईना. ते ॲप करून देणाऱ्याने तेव्हा फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) मागून घेतला होता, मग एक 'की', म्हणजे ॲप चालू करायचा परवाना आकडा, पाठवली होती. आता तो फोन उचलत नाही. ओळखीतला एक मोबाईलवाला जुन्या फोनमध्ये 'अँड्रॉइड १३ मारून देतो' म्हणतोय. तर जुना फोन पुढे न्यावा, की नवा मागे आणावा? आणि मुलाच्या स्वतःच्या फोनला अपडेट येऊन पडलंय, ते घ्यावं का?

मी कोल्हापुरात दुकानदारांसाठी आणि दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइडची ॲप्स बनवतो. 'काल चालत होतं, आज बंद पडलं' हे वाक्य ऐकणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. जुना फोन पुढे ढकलू नका, नवा मागे ओढू नका. जुन्यातलं सिम काढून तो फक्त बिलिंगसाठी दुकानात ठेवा, बँक आणि यूपीआय नव्या फोनवर न्या, आणि बिलिंगच्या ॲपमधला सगळा डेटा या महिन्यातच बाहेर काढा. मुलाने अपडेट घ्यावं, पण थोडी तयारी करून.

आता कारणं. फोन 'जुना झाला' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार वेगवेगळ्या लोकांचे निर्णय मिसळलेले असतात. फोन बनवणारी कंपनी अपडेट द्यायचं थांबवते. गूगल आपल्या सेवा जुन्या आवृत्तीवरून काढून घेतं. ॲप बनवणारा आपली किमान अट वर नेतो. आणि पलीकडचा सर्व्हर जुन्या पद्धतीने बोलायचं नाकारतो. या चौघांपैकी कोण थांबलं हे कळल्याशिवाय पैसे खर्च करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. तुमच्याकडे जुन्या फोनवर बँकेने अट वर नेली, नव्या फोनवर अँड्रॉइडने जुन्या ॲपला दार लावलं. एकाच घरातल्या दोन फोनांवर दोन उलट्या दिशांच्या अडचणी आहेत.

जुन्या फोनला कंपनीकडून अपडेट का येत नाही, इथून सुरू करतो. गूगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती जाहीर करतं, पण ती थेट तुमच्या फोनवर येत नाही. अँड्रॉइडच्या खाली लिनक्स या खुल्या प्रणालीचा गाभा असतो, आणि त्या गाभ्यावर कॅमेरा, मोडेम, बोटाचा ठसा, डिस्प्ले यांची चालक सॉफ्टवेअरं बसलेली असतात. ती क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांच्यासारखे चिप बनवणारे देतात, आणि त्यातला बराच भाग बंद स्वरूपात देतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो उघडून दुरुस्त करता येत नाही. लिनक्सच्या गाभ्याची आतली रचना सतत बदलते आणि जुनी चालक सॉफ्टवेअरं नव्या गाभ्यावर चालतीलच असं वचन लिनक्स देत नाही. मग होतं काय, फोन २०१८ चा असला तरी त्यातला गाभा त्याहून म्हातारा असतो. त्या सुमाराच्या बऱ्याच स्वस्त फोनांत लिनक्स ३.१८ किंवा ४.४ होता. ३.१८ हा डिसेंबर २०१४ चा, ४.४ जानेवारी २०१६ चा. चिपवाल्याने त्या चिपची कामं बंद केली की फोन कंपनीने ठरवलं तरी पुढची आवृत्ती बसवणं जिकिरीचं होतं. आणि दहा-बारा हजारांचा फोन एकदा विकून झाला की त्या जिकिरीचे पैसे कंपनीला कुणी देत नाही. माझ्या मते खरं कारण हेच आहे, बाकीची सगळी त्याची सजावट.

गूगलने यावर उपाय केला नाही असं नाही. २०१७ च्या अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आला. त्यात चिपवाल्यांचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळ्या कप्प्यांत ठेवले आणि मधली सीमा पक्की केली, म्हणजे खालचा कप्पा न हलवता वरचा बदलता यावा. जे फोन अँड्रॉइड ८ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आले त्यांना ही रचना सक्तीची होती. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून 'प्रोजेक्ट मेनलाइन' आला. त्यामुळे व्यवस्थेचे काही तुकडे प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर अपडेट होऊ लागले. सेटिंगमध्ये 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी वेगळी तारीख दिसते ती त्याचीच. तुमच्या वडिलांचा फोन ९ वर अडकल्यामुळे ही दुसरी सोय अगदी थोडक्यात हुकली.

मोबाईलवाला 'अँड्रॉइड १३ मारून देतो' म्हणतो ते खोटं नाही, आणि त्याची लबाडी आहे असंही मी म्हणणार नाही. ट्रेबलमुळे गूगलची सर्वसाधारण प्रत अनेक जुन्या फोनांवर सुरू होते, आणि स्वयंसेवकांनी चालवलेलं लिनेजओएस हे अँड्रॉइडचं रूपही बऱ्याच जुन्या फोनांवर चालतं. पण सुरू होणं आणि दुकानात वापरण्याजोगं असणं यात अंतर आहे. अँड्रॉइड १२ पासून नेटवर्कचा हिशेब ठेवायला गाभ्यातली ईबीपीएफ नावाची सोय लागते. ४.९ च्या आधीच्या गाभ्यांत ती पुरेशी नव्हती, आणि त्याच कारणाने लिनेजओएसलाही बरेच जुने फोन सोडावे लागले. त्यामुळे १३ कुठल्या गाभ्यावर आणि कुठल्या जोडतोडीने चालवणार, हे त्याला आधी विचारा.

गाभा बरा निघाला असं धरू. रॉम, म्हणजे अशी बाहेरची प्रणाली, टाकायला बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडावा लागतो, आणि तो उघडताच फोन पुसला जातो. चोराच्या हाती डेटा लागू नये म्हणून केलेली ही सुरक्षेची रचनाच आहे, त्यातून पळवाट नाही. म्हणजे बिलिंगचा डेटा गेला. त्यानंतर बँकेचं ॲप सुरू होताना गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी'कडे विचारणा करतं की हा फोन कारखान्यातून आला तसाच आहे का. उघडा बूटलोडर दिसला की उत्तर नकाराचं येतं, आणि बहुतेक बँका तिथेच थांबवतात. म्हणजे ज्या बँकेच्या ॲपसाठी हा खटाटोप, तेच चालणार नाही. ही तपासणी चकवायच्या युक्त्या आहेत, आठवड्या-महिन्याने त्या बंद पडतात, मग नव्या शोधाव्या लागतात. हौशी पोरांनी ते जरूर करावं, धान्याच्या दुकानाने करू नये. आणखी एक गोष्ट इथे सहसा कुणी सांगत नाही. अशा रॉमवर व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून बोलायची सोय, बिघडण्याचं प्रमाण बरंच असतं. जिओचं सिम असेल तर व्होल्टी गेलं म्हणजे साधा फोनही लागत नाही, कारण जिओकडे मागे पडायला टू-जी किंवा थ्री-जी नाहीच.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ते बिलिंगचं ॲप स्वतःच बंद पडेल. का, ते सांगायला आधी अँड्रॉइड जुन्या ॲपना कसं जगवतं ते सांगावं लागेल. या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

प्रत्येक ॲपच्या आत दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला किमान आकडा: याच्या खालच्या अँड्रॉइडवर मी चालणार नाही. दुसरा लक्ष्य आकडा, ज्याला आम्ही टार्गेट म्हणतो: मला या आवृत्तीच्या नियमांची माहिती ठेवून लिहिलंय. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला यासाठी अनुक्रमांक असतो. अँड्रॉइड ६ चा २३, ९ चा २८, १० चा २९, १५ चा ३५. हे टार्गेट म्हणजे ॲपचा जन्मदाखला. फोन तो पाहतो आणि ज्या काळातलं ॲप त्या काळाच्या रीतीने त्याला वागवतो.

उदाहरण घ्या. अँड्रॉइड ६ च्या आधी ॲप इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकदम दिल्या जायच्या. ६ पासून वापरताना एकेक विचारायची पद्धत आली. आता २०१४ साली लिहिलेल्या ॲपला ही विचारायची रीतच माहीत नाही. नव्या फोनने त्याच्याकडून ती अपेक्षा केली असती तर पहिल्या क्लिकलाच ते कोसळलं असतं. म्हणून अँड्रॉइड अशा ॲपला जुन्या रीतीने एकगठ्ठा परवानग्या देतं. मेमरी कार्डाचंही तसंच. १० आणि ११ मध्ये प्रत्येक ॲपला आपापल्या कप्प्यातच फाइली ठेवायची शिस्त लावली, पण ज्यांचं टार्गेट २८ किंवा त्याखाली आहे त्यांना जुना मोकळेपणा बराचसा ठेवला. ब्लूटूथ प्रिंटर जोडताना काही ॲप्स लोकेशन का मागतात, हा प्रश्न मला गंगावेशीपासून कागलपर्यंत सगळीकडे विचारला जातो. त्याचंही उत्तर इथेच आहे. ६ ते ११ या काळात आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची, कारण त्या उपकरणांवरून माणूस कुठे आहे ते ओळखता येतं. १२ मध्ये ब्लूटूथसाठी वेगळी परवानगी आली. जुनं ॲप मात्र आपल्या काळाप्रमाणे अजून लोकेशनच मागतं. ते तुमचा पत्ता चोरत असेलच असं नाही.

पण ही सवलत सगळ्याच बाबतीत नसते. गूगल दर आवृत्तीला बदलांच्या दोन याद्या काढतं. एक, नवं टार्गेट लावणाऱ्या ॲपनाच लागू होणारे बदल. दुसरी, टार्गेट काही असो, सगळ्यांना लागू होणारे. अपडेटनंतर एखादं ॲप मोडलं तर बहुतेक वेळा कारण या दुसऱ्या यादीत सापडतं. अँड्रॉइड १० च्या त्या यादीत आयएमईआय होता. साध्या ॲपला आयएमईआय वाचायची मुभाच काढून घेतली. नव्या टार्गेटच्या ॲपने मागितला तर ते तिथेच अडतं. जुन्याने मागितला तर त्याला आकड्याच्या जागी रिकामी जागा मिळते. तुमच्या ॲपची की आयएमईआयला बांधलेली आहे. ९ वर ती जुळते. १० किंवा त्यावरच्या कुठल्याही फोनवर ॲप आयएमईआय विचारणार, हाती काही येणार नाही, आणि 'लायसन्स चुकीचं आहे' म्हणून ते बंद होणार. २०१९-२० च्या सुमाराला अशा लायसन्सवाल्या कितीतरी ॲपना हा फटका बसला. ज्यांचे निर्माते जागेवर होते त्यांनी लायसन्सची पद्धत बदलली. तुमचा नाही. म्हणजे जुन्या फोनवर १३ टाकलं तर आज जे एक काम धड चालतंय तेही जाईल.

नव्या फोनवर ते इन्स्टॉलच का होत नाही, हा वेगळा प्रश्न. अँड्रॉइड १४ ने पहिल्यांदा खालची मर्यादा घातली: ज्याचं टार्गेट २३ च्या खाली आहे ते ॲप नव्याने इन्स्टॉल होणार नाही. १५ ने ती २४ वर नेली. कारण उघड आहे. फसवणुकीची ॲप्स बनवणारे मुद्दाम जुनं टार्गेट लावायचे, म्हणजे एकगठ्ठा परवानग्यांची ती जुनी सवलत त्यांना मिळायची. इथे एक बारीक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ॲप आधीपासून फोनवर असेल आणि फोनच १४ वर अपग्रेड झाला, तर ते ॲप काढलं जात नाही, राहतं. अडवणूक फक्त नव्याने टाकताना होते. म्हणून असं जुनं ॲप असलेल्या फोनला अपग्रेडनंतर कुणी 'एकदा फॅक्टरी रिसेट मारून बघ' म्हणालं तर मारू नका. रिसेट झाला की ते ॲप परत बसणार नाही.

दुसरी शक्यता ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या कोडची. २०१७-१८ च्या ॲपमध्ये प्रिंटरसाठी एखादी तयार लायब्ररी घातलेली असते आणि ती बऱ्याचदा फक्त ३२ बिटची असते. प्ले स्टोअरने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटची प्रत सक्तीची केली, पण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या एपीकेला (ॲपच्या इन्स्टॉल फाइलला) ती सक्ती कुठून लागणार. २०२२ च्या पिक्सेल ७ पासून फक्त ६४ बिटच चालवणारे फोन यायला लागले आणि आता त्यांची संख्या वाढते आहे. तुमचं कारण यातलं कुठलं, ते एपीके फाइल कुठल्याही डेव्हलपरला दिली की तो लगेच सांगेल. फाइल उघडून दोन्ही गोष्टी दिसतात. अडचण फक्त टार्गेटची निघाली तर कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनाच्या एका आज्ञेने ही मर्यादा ओलांडता येते. आम्ही चाचणीसाठी ते करतो. पण तुमच्याकडे त्यानंतर आयएमईआयची भिंत उभीच आहे, म्हणून त्या वाटेला जाण्यात हशील नाही.

नवा फोन मागे आणायचं तर विसराच. जो फोन १५ घेऊन जन्मला त्याच्यासाठी ९ ची चालक सॉफ्टवेअरं कुणी लिहिलेलीच नाहीत. एखादी आवृत्ती मागे जाणंही बहुतेक फोनांत मुद्दाम बंद केलेलं असतं. जुन्या आवृत्तीतली भगदाडं माहीत असलेल्या चोराने चोरीचा फोन मागे नेऊन उघडू नये, हा त्यामागचा हेतू. ॲपल तर जुन्या आयओएसवर सही करणंच थांबवतं. सही नाही तर ती आवृत्ती बसत नाही.

आता बँकेची बाजू. इथे मी स्वतः त्याच बाकावर बसतो, म्हणून थोडी त्यांची वकिली करतो. किमान आकडा खाली ठेवायचा म्हणजे त्या प्रत्येक आवृत्तीवर ॲप तपासायचं, आणि तेही खऱ्या फोनवर. गूगलची जेटपॅक नावाची साधनं आम्हाला बरीच मदत करतात. नव्या सोयी जुन्या अँड्रॉइडवर चालाव्यात म्हणूनच ती आहेत. पण तीही आपली किमान अट हळूहळू वर नेतात. बँकेच्या ॲपमध्ये सुरक्षेची बाहेरून घेतलेली साधनं असतात, त्यांची अट आणखी वर. टार्गेट वाढवायची प्ले स्टोअरची मुदत दरवर्षी ऑगस्टअखेर असते, म्हणजे ॲप नव्या बाजूने ओढलं जातंच. एका टोकाला खेच बसली की दुसरं टोक सुटतं. चंदगड, गगनबावड्याकडच्या संकलन केंद्रांवर फोन वर्षानुवर्षं बदलत नाहीत, म्हणून मी माझ्या ॲपची अट जमेल तितकी खाली ठेवतो. पण माझ्या ॲपमध्ये लिटर आणि फॅट असतं, कुणाच्या आयुष्याची शिल्लक नसते. बँकेने तेच करावं असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच की 'सपोर्ट करत नाही' एवढंच लिहून सोडण्यापेक्षा किमान तीन महिने आधी ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगावं.

बँकेने आज सोडलं नसतं तरी ९ च्या पायाखालची जमीन सरकतेच आहे. क्रोमची १३८ ही ८ आणि ९ वर चालणारी शेवटची आवृत्ती. ऑगस्ट २०२५ च्या १३९ पासून अँड्रॉइड १० लागतं. कित्येक ॲप्स आतून वेब पानंच दाखवतात आणि ती क्रोमच्याच इंजिनावर दिसतात, त्यामुळे याचा परिणाम ब्राउझरपुरता राहत नाही. व्हॉट्सॲप मात्र या बाबतीत उदार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले, म्हणजे ९ वाल्याला तूर्त भीती नाही.

सर्व्हरकडून कसं तुटतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रमाणपत्रांचं आहे. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना फोन त्याचं प्रमाणपत्र तपासतो, आणि कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी फोनच्या व्यवस्थेत कोरलेली असते. जगातल्या असंख्य साइट्स 'लेट्स एन्क्रिप्ट'ची मोफत प्रमाणपत्रं वापरतात. त्यांचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच यादीत आहे. त्याआधीच्या फोनांसाठी ते दुसऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने चालायचं, ज्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. जुनं अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही, या विचित्र गोष्टीचा फायदा घेऊन त्यांनी आणखी तीन वर्षं ते ताणलं आणि २०२४ मध्ये थांबवलं. फोन तोच, ॲप तेच, नेटही आहे, आणि एके सकाळी साइट उघडत नाही. कुणी काही अपडेट केलेलं नसतं. अशा वेळी दुकानात नेऊन 'सॉफ्टवेअर मारून' घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने यादी बदलत नाही, पैसे जातात. अशा फोनवर फायरफॉक्स वापरला तर बऱ्याच साइट्स उघडायच्या, कारण तो स्वतःची यादी बरोबर घेऊन फिरतो. अँड्रॉइड १४ पासून ही यादी मेनलाइनमधून परस्पर ताजी होते. हे आधीच करायला हवं होतं.

आयफोनवाल्यांना वाटतं हे दुखणं आपलं नाही. त्यांची पद्धत वेगळी, एवढंच. २०१७ च्या आयओएस ११ ने ३२ बिटची सगळी ॲप्स एका फटक्यात बंद केली, आपल्या जन्मदाखल्यासारखी सवलतही ठेवली नाही. अपडेटं मात्र जास्त वर्षं देतात: २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरला २०२५ च्या आयओएस २६ ने सोडलं. त्याच साली घेतलेला तुमचा अँड्रॉइड केव्हाच थांबलाय.

'कंपन्या मुद्दाम अपडेट देऊन फोन हळू करतात' हे चहाच्या गाड्यावर ऐकू येतं त्याला एक खरा आधार आहे. ॲपलने २०१७ च्या सुरुवातीच्या अपडेटमध्ये झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग कमी करायची सोय घातली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड मान्य केलं. कारण खरं होतं: म्हातारी बॅटरी अचानक लागणारी ताकद देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. न सांगता केलं हे वाईट. पण तुमच्या-माझ्या फोनात बहुतेक वेळा साधी कारणं असतात. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी ॲप्स नव्या व्यवस्थेसाठी पुन्हा जुळवून घेतो, फोटोंची सूची नव्याने करतो. दोन-तीन दिवस गरम होतो, चार्जिंग खातो, मग निवळतो. त्या दोन दिवसांतच लोक वैतागून दुकानात जातात. दुसरं कारण म्हणजे गच्च भरलेलं स्टोरेज. ३२ जीबीतलं ३० व्हॉट्सॲपच्या शुभ सकाळ फोटोंनी भरलं असेल तर कुठलंही अँड्रॉइड रांगेल. तिसरं रॅम: नवी आवृत्ती जास्त मागते, तीन जीबीच्या फोनला शेवटचं मोठं अपडेट जड जातं हे मी नाकारत नाही.

तर मुलाच्या फोनबद्दल. आधी अपडेट कसलं ते बघा. महिन्याचा सुरक्षा पॅच, म्हणजे भगदाडं बुजवणारं छोटं अपडेट, असेल तर डोळे मिटून घ्या. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं भगदाड सापडलं, नुसत्या एमएमएसने फोन ताब्यात घेता येण्याजोगं. त्यानंतर हे मासिक पॅच सुरू झाले. आवृत्तीच बदलत असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, त्याच मॉडेलवाल्यांचं काय म्हणणं आहे ते बघा, रोजच्या कामाच्या ॲपची नव्या आवृत्तीवर हमी आहे का ते विचारा, व्हॉट्सॲपचा आणि फोटोंचा बॅकअप घ्या, पाच-सहा जीबी जागा मोकळी करा, मग घ्या. थांबा म्हणजे कायमचं नको म्हणा असं नाही. फोन कंपन्या जुन्या आवृत्तीसाठी वेगळे पॅच काढत बसत नाहीत, पुढची सुरक्षा नव्या आवृत्तीतूनच येते. अमोलेड स्क्रीनवर अपडेटनंतर हिरवी रेघ आल्याचे किस्से तुम्ही ऐकले असतील. रेघ आली तर सॉफ्टवेअर मागे नेऊन ती जात नाही, स्क्रीनच बदलावी लागते. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलना ती फुकट बदलून दिली, तेव्हा पैसे मोजण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात विचारा.

जाता जाता पॅचबद्दल एक गोष्ट. कोल्हापुरात मी पाहिलेल्या फसवणुकीत जुनं अँड्रॉइड क्वचितच कारण होतं. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके येते, माणूस ती स्वतःच्या हाताने टाकतो, एसएमएसची परवानगी देतो, आणि ओटीपी परस्पर जातात. त्यापुढे ताजा पॅचही हतबल असतो. तुमच्या घरी व्हॉट्सॲपवरून एपीके घ्यायची सवय त्या बिलिंगवाल्याने लावली आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुढचा फोन घेताना किमतीइतकंच एक बघा: मॉडेल बाजारात कधी आलं. कंपनी 'इतकी वर्षं अपडेट' म्हणते ती साधारणपणे मॉडेल आलं तिथपासून मोजते, तुम्ही बिल फाडलं तिथपासून नाही. दिवाळीच्या ऑफरमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्त मिळतं तेव्हा त्याची दोन वर्षं आधीच खाल्लेली असतात. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं. सॅमसंगच्या स्वस्त ए१६ ला सहा वर्षांचं आहे. दुकानासाठी मला हा शेवटचा प्रकार जास्त पटतो.

आता दुकानाचं काम. जुन्या फोनवर बिलिंगच्या ॲपमध्ये एक्सेल किंवा सीएसव्हीची सोय असेल तर ग्राहक, मालाची यादी, उधारी आणि जुनी बिलं काढून पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा. सोय नसेल तर घाबरू नका. टार्गेट जुनं असल्यामुळे ॲपने डेटाची फाइल कदाचित फोनच्या उघड्या जागेतच, स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असेल. ते दिसलं तर केबल लावून ते फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. त्यातली फाइल बहुतेक एसक्यूलाइट या डेटाबेसची निघेल आणि ती कुठल्याही होतकरू डेव्हलपरला उघडता येते. त्यानंतर निर्माता जिवंत असलेलं, प्ले स्टोअरवर नियमित अपडेट होणारं नवं बिलिंग ॲप बघा, आणि निवडण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: फोन बदलला तर लायसन्स कसं जाईल? प्रिंटर तोच चालेल, असले बहुतेक छोटे प्रिंटर सारख्याच आज्ञा समजतात. नव्या आर्थिक वर्षापासून नवं ॲप धरलं तर हिशेबाला सोपं. तोवर जुन्या फोनला नेट देऊ नका, वायफायही बंद ठेवा; बिलिंग आणि ब्लूटूथला ते लागत नाही. आणि काउंटरवर तो दिवसरात्र चार्जरला लावून ठेवायची सवय असते, ती मोडा. २०१८ ची बॅटरी आहे. पाठ जराशी जरी उचललेली दिसली तर त्या दिवशी फोन बंद करून बॅटरी बदलून घ्या.